पाळी जाण्याच्या वयात वैद्यांकडे

पाळी जाणं ही एका महिन्यात उरकणारी गोष्ट नाही. माझ्या बाबतीत ती ४६व्या वर्षी सुरू झाली आणि ५१वं लागलं तेव्हा कुठे संपली. आमच्या घरात यावर बोलायची पद्धतच नव्हती. काटोलची आई म्हणायची, "सगळ्यायलेच होते माय, त्याचं काय सांगायचं?" सासूबाईंची पाळी गेली तेव्हा, आता लोणच्याच्या बरणीला केव्हाही हात लावता येईल, याचाच त्यांना आनंद. आता माझी धाकटी बहीण, जाऊ, बँकेतल्या दोन-तीन मैत्रिणी याच वाटेवर आहेत आणि प्रत्येकीचा फोन येतो. त्यांना तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढावं, म्हणून हे.

सुरुवात तारखा चुकण्यापासून झाली. कधी वीस दिवसांतच पाळी, कधी दोन महिने पत्ता नाही, आणि आली की आठ-दहा दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. जिना चढताना धाप लागायची. मग वाफा सुरू झाल्या. मी नागपूरला बर्डीवरच्या एका बँकेत कॅश काउंटरवर बसते. छातीच्या मधोमध काहीतरी तापल्यासारखं व्हायचं, ते मानेवरून कानांपर्यंत चढायचं, वरच्या ओठावर आणि केसांच्या मुळाशी घाम डबडबायचा. एसी चालू असायचा. हातात पाचशेच्या नोटांची गड्डी, आणि मोजणी कुठवर आली होती तेच सुटून जायचं. दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरायचं, पण नंतर ओल्या ब्लाउजमध्ये थंडी वाजायची. बाजूच्या काउंटरवरची मैत्रीण विचारायची, "काऊन वं, एवढा घाम फुटून राहिला?" रात्री तीन-साडेतीनला डोळे टक्क उघडायचे ते सकाळपर्यंत. घरात तोंडातून निघालेला शब्द मलाच ओळखू येत नव्हता, इतकी चिडचिड.

पहिल्या दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "मुलं मोठी झाली ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." पाच मिनिटांत निकाल. मला ते पटलं नाही आणि आजही या गोष्टीचा मला राग येतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं २०१९मध्ये समोर आलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण शहरात, शिकल्या-सवरल्या घरांतही "पिशवी काढून टाका" हे वाक्य चहा-पाण्यासारखं बोललं जातं. काही आजारांत ते ऑपरेशन लागतंच, त्याबद्दल वाद नाही. मात्र पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर जे बदल एरवी काही वर्षांत सावकाश होतात ते शरीरावर एकदम कोसळतात, हे सांगायला त्यांना वेळ नव्हता.

दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९च्याही खाली होतं, थायरॉइड ठीक. गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड दिसत होतं म्हणून तिथला छोटा तुकडा तपासायला पाठवला. तो अहवाल येईपर्यंतचा आठवडा फार जड गेला. अहवाल चांगला आला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्तस्राव आटोक्यात आणायला काही महिने औषध दिलं. वाफांचंही त्यांनी समजावलं. बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन या वयात कमी-जास्त होत होत घसरतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र आहे, ते यामुळे जरा जास्तच हळवं होतं. एरवी ज्याची दखलही घेतली नसती एवढ्याशा उष्णतेला ते मोठा धोका समजतं आणि घाम आणून अंग थंड करायला धावतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं म्हणायचं. वाफा फारच छळू लागल्या तर हार्मोनची औषधं आहेत, त्यांचे फायदे-तोटे बघून ठरवू, असंही त्या मोकळेपणानं बोलल्या.

धोक्याचं काही नाही हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. तरी झोप, चिडचिड, कोरडी पडलेली कातडी, सकाळी उठताना आखडलेले गुडघे हे सगळं एकत्र कसं आलं, याचं उत्तर मला हवं होतं. महालातल्या एका वैद्यबाईंचं नाव मैत्रिणीनं सुचवलं. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेल्या, वयानं साठीच्या पुढच्या. त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल तर फाइल. सगळे अहवाल चष्मा लावून सावकाश वाचले, तुकड्याच्या तपासणीचा कागद दोनदा वाचला, आणि म्हणाल्या, "हे झालं नसतं तर मी आधी तिकडंच पाठवलं असतं, ताई. अंगावरून जास्त जातं म्हणजे वयच झालं, असं धरून पाळीच्या तक्रारींवरच्या अशोकारिष्टाची बाटली हातात द्यायची नसते."

मग नाडी, जीभ, डोळे, हाताची कातडी पाहिली आणि प्रश्न सुरू झाले. भूक कडकडून लागते की घड्याळ पाहून जेवता? पोट रोज साफ होतं का? झोप लागतच नाही, की लागलेली मोडते? वाफा नेमक्या कधी येतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, तेव्हा त्यांनी एक वही करायला सांगितली. वाफ आली की वेळ लिहायची, आधी काय खाल्लं-प्यालं ते लिहायचं, बस.

ती वही मी बँकेच्या ड्रॉवरमध्ये आणि उशीखाली अशी नेत-आणत राहिले. पुढच्या खेपेला वैद्य मॅडमनी ती समोर ठेवून दोन रंगांच्या पेननं खुणा केल्या. वाफा बहुतेक दुपारी बारा-एकला आणि रात्री अकरा-बाराच्या सुमारास. झोपमोड तीन-चारला. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी सांगितलं आहे की दिवस, रात्र, जेवण आणि आयुष्य, या चारही गोष्टींत सुरुवातीला कफ, मध्ये पित्त आणि शेवटी वात जोर धरतो. माझ्या वहीतल्या लाल खुणा दिवसाच्या आणि रात्रीच्या मधल्या भागात होत्या, निळ्या खुणा रात्रीच्या शेवटच्या भागात. "तुमचं वय बघा," मॅडम म्हणाल्या, "पित्ताचा काळ अजून सरला नाही आणि वात दाराशी येऊन उभा आहे. म्हणून दोघांचीही लक्षणं एकाच वेळी. आग होणं, घाम, चिडचिड पित्ताची. कोरडेपणा, झोप उडणं, धडधड, सांधे धरणं वाताचं." इतके दिवस ज्या सुट्या सुट्या तक्रारी वाटत होत्या त्या दोन खात्यांत नीट बसल्या. मी खातेवह्यांतच आयुष्य काढलेली बाई. मला हे फार पटलं.

मी विचारलं, मग हा रोग कोणता? त्यांनी मान हलवली. सुश्रुतांनी पाळीचा काळ १२व्या वर्षापासून ५०व्या वर्षापर्यंतचा सांगितला आहे. शरीर पिकत आलं की ती आपोआप सरते. पाळी जाण्याला त्यांनी वेगळा रोग म्हटलेलं नाही. म्हातारपणाला त्यांनी भूक, तहान, झोप आणि मृत्यू यांच्याच ओळीत बसवलं आहे, म्हणजे देहाच्या स्वभावातच असलेल्या गोष्टींत. या गोष्टी टाळता येत नाहीत, पण सांभाळता येतात. भुकेला अन्न देतो तसं जरेला, म्हणजे म्हातारपणाला, रसायन, म्हणजे शरीर टिकवणारी औषधं. शारंगधर या जुन्या वैद्यग्रंथकारांचा एक श्लोकही त्यांनी म्हणून दाखवला. दर दहा वर्षांनी माणसाचं काय काय उणं होत जातं, याची त्यात यादी आहे. पाचव्या दशकात त्वचा, सहाव्यात दृष्टी. मी त्या वर्षीच वाचायचा चष्मा घेतला होता आणि हाताच्या कातडीला पांढरे ओरखडे उठत होते. त्या क्षणी मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हे पाहून, मोजून, लिहून ठेवलं होतं, आणि माझं काही बिघडलेलं नव्हतं.

त्यांच्या बोलण्यातली सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ऋतुसंधीची. एका ऋतूचा शेवटचा आठवडा आणि पुढच्याचा पहिला, या चौदा दिवसांत जुनी राहणी हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची, असं शास्त्र सांगतं. एकदम बदल केला की माणूस आजारी पडतो. जून लागताना नागपुरात काय होतं ते आपण दरवर्षी बघतो: दिवसा अंगाची लाही, संध्याकाळी धुळीचं वादळ, रात्री दोन थेंब, आणि घरोघरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं. मॅडमचं म्हणणं, पाळी जाण्याची वर्षं म्हणजे आयुष्यातला असाच संधिकाळ. त्यात काय खायचं, किती जागायचं, किती धावायचं, हे चाळिशीतल्यासारखं ठेवून चालत नाही आणि एका रात्रीत बदलूनही चालत नाही.

म्हणून त्यांनी काहीच एकदम बंद करायला लावलं नाही. चहाचंच घ्या. बँकेत दिवसभरात सहा-सात कप व्हायचे आणि वहीत बऱ्याच वाफांच्या आधी "चहा" लिहिलेलं सापडलं. सवय झालेली अपथ्याची गोष्ट चतुर्थांशानं कमी करत जायची, असा आयुर्वेदाचा नियम आहे. मी कप तोच ठेवला, चहा पाऊण केला. काही दिवसांनी अर्धा. मग चारनंतरचा बंद. डोकं दुखलं नाही, चिडचिड वाढली नाही. रविवारच्या सावजी रश्श्याचंही तसंच. भिवापुरी मिरचीची तर्री आमच्या घरात सगळ्यांना लागते. मी रस्सा कमी आणि भाकरी जास्त, वर एक चमचा साजूक तूप, असं करत गेले. आता घरचे तर्री ओढतात आणि मी पाटवडी खाते. वाफ आणणारं तिसरं कारण वहीतून निघालं ते उपाशी राहण्याचं. महिनाअखेरीला गर्दी असली की जेवण तीनपर्यंत लांबायचं, आणि त्या दिवशी हमखास त्रास. साडेबाराला दोन घास खाऊन घ्यायचेच, हे मी शाखेत स्पष्ट सांगून टाकलं.

आता धन्याच्या पाण्याबद्दल, कारण बहिणीला ते तीनदा सांगूनही ती काढा करून बसली. हे पाणी उकळायचं नाही. दोन चमचे धने खलबत्त्यात जाडसर कुटायचे, भुगा करायचा नाही. धन्याच्या सहापट पाणी घेऊन, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात, रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी हातानं चोळून गाळायचे. पाणी फिकट पिवळसर होतं, वास मंद येतो. त्यात थोडी खडीसाखर घालून उपाशीपोटी घ्यायचं. याला हिम म्हणतात आणि आतल्या आगीसाठी, तहानेसाठी शारंगधरांनी सांगितलेला आहे. मला पंधरवड्यात फरक जाणवला, विशेषतः रात्रीच्या वाफांत. मधुमेह असेल तर खडीसाखर नको. माठात वाळ्याची जुडीही टाकायची. वाळा, चंदन, अनंतमूळ, गुळवेल, साळीच्या लाह्या ही सगळी चरकांच्या दाह शमवणाऱ्या गणातली मंडळी. कूलरच्या ताट्यांना वाळा लावणाऱ्या नागपूरकरांना त्याचा गारवा नव्यानं सांगायला नको.

गंमत अशी की मला मे महिन्याची धास्ती होती आणि जास्त त्रास झाला ऑक्टोबरमध्ये. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, सगळ्यांनाच भाजून काढतो. तेव्हा बँकेतला प्रत्येक माणूस घामाघूम, माझा घाम कुणाच्या लक्षातही येत नव्हता. शिवाय उन्हाळ्यात दुपारी झोपायला, पातळ-गोड-गार खायला शास्त्राची पूर्ण मुभा आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी ती घेतली. पण पाऊस सरला, ऊन कडक झालं, आणि वाफांनी पुन्हा उचल खाल्ली. मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. शरद हा पित्त उसळण्याचाच ऋतू. त्या महिन्यात त्यांनी आंबट ताक, लोणचं, रात्रीचं दही बंद केलं, सकाळी मोरावळा सुरू केला.

वातासाठी तेल. हिवाळ्यात तिळाचं कोमट तेल, उन्हाळ्यात खोबरेल, आंघोळीआधी अंगाला. नोकरीवाल्या बाईला रोज सर्वांगाला तेल लावणं जमत नाही, मला तर नाहीच जमलं. मॅडम म्हणाल्या, डोकं, कान आणि पाय एवढं तरी सोडू नका. रात्री झोपताना तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवायची. पाच-सात मिनिटांत तूप काळपट होतं, तळवे निवतात. पहिले काही दिवस मी स्वतःच करायचे. मग एकदा हे म्हणाले, "आण इकडे ती वाटी." लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर माझ्या पायाला यांनी पहिल्यांदा हात लावला. बोलायला जे आम्हाला कधी जमलं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात सुरू झालं. मला नेमकं काय होतंय, राग का येतो, जवळ येणं का नकोसं वाटतं, हे सगळं मी तेव्हाच सांगितलं. माझ्या झोपेत तुपाचा वाटा किती आणि या बोलण्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही आणि मला काढायचंही नाही.

पोटात घ्यायची औषधं थोडीच होती. शतावरी कल्प दुधातून, काही काळ गुळवेल सत्त्व, आणि झोपेसाठी मोजके दिवस अश्वगंधा. प्रत्येकाच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. स्तनाच्या किंवा हार्मोनशी संबंधित कर्करोगाचा इतिहास असेल तर शतावरी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. थायरॉइडची किंवा यकृताची तक्रार असेल तर अश्वगंधा विचारूनच. ज्येष्ठमध सतत घेतलं तर रक्तदाब वाढतो. "वनस्पती आहे, अपाय काय होणार" हे वाक्य त्यांना मुळीच खपत नव्हतं. बँकेतल्या एकीनं कुणाकडून तरी लेबल नसलेल्या पुड्या मागवल्या होत्या, त्या मी मॅडमना दाखवल्या. त्यांनी त्या हातात घेऊन बाजूला ठेवल्या. आत काय आहे हे माहीत नाही, शिसं किंवा पारा असू शकतो, फेकून द्या. लोहाच्या गोळ्या मात्र त्यांनी एक दिवसही चुकवू दिल्या नाहीत.

एका गोष्टीत तेला-तुपाचा उपयोग पुरेसा झाला नाही, आणि बायका यावरच सगळ्यात कमी बोलतात, म्हणून लिहिते. योनीमार्ग कोरडा पडला होता. आग व्हायची, लघवीला जळजळायचं, संबंध नकोसे झाले होते. वैद्यबाईंनी तेलाचा पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, दिला, थोडं बरं वाटलं, पण पुरतं नाही. त्यांनी स्वतःच चिठ्ठी लिहून मला पुन्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे लावायचं मलम मिळालं, थोड्या मात्रेच्या इस्ट्रोजेनचं, आणि काही आठवड्यांत त्रास गेला. दोन्ही मॅडमना एकमेकींच्या चिठ्ठ्या वाचताना मी पाहिलं आहे. आपल्याला असे डॉक्टर मिळाले हे नशीबच.

हाडांचं काम अजून चालू आहे. आयुर्वेदात अस्थी हे वाताचं घर मानतात आणि त्यांचं नातं उलटं: वात वाढला की हाडं झिजतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्यानं हाडं झपाट्यानं विरळ होतात, हे आधुनिक डॉक्टरही सांगतात. दोघींचा सल्ला त्यामुळे एकच निघाला. सकाळचं ऊन, चालणं, वजन पेलणारा व्यायाम, दूध-ताक-तीळ, आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी. अंबाझरीला सकाळी चालायला जाते. जवसाची आणि तिळाची चटणी आमच्याकडे पूर्वीपासून रोजच्या पानात आहे. फरक इतकाच की आता मीही आठवणीनं वाढून घेते, सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर घेते असं नाही.

शेवटच्या पाळीला वर्ष होऊन गेलं आहे. वाफा अधूनमधून येतात, मोजता येतील इतक्याच. गुडघे थंडीत बोलतात. पहाटेची झोप बहुतेक रात्री टिकते.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या काकू सांगत आल्या, पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, आता पुन्हा थोडं थोडं दिसतंय, अंगात उष्णता झाली असेल, तुझ्या वैद्यांकडून काही पुडी आण. मी पुडी आणली नाही. पाळी गेल्यावर वर्षभरानंतर एक डाग जरी दिसला तरी आधी तपासणी, हे मॅडमनी मला बजावून ठेवलेलं होतं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाचा कर्करोग असाच सुरुवातीला दिसतो आणि तेव्हाच तो पकडला तर बहुतेकदा बरा होतो. काकू आधी रागावल्या, मग घाबरल्या, मग तयार झाल्या. सोनोग्राफी झाली आहे, तुकडा तपासायला गेला आहे. अहवाल गुरुवारी मिळेल आणि मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली आहे.